अवघड वाटेचे पुण्य



दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नात आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाया पडली आणि उठता उठता म्हणाली, "आजोबा, आशीर्वाद द्या. पुढच्या महिन्यात आम्ही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाणार आहोत."

ज्यांना ही वाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या जुन्नर तालुक्यातून खिरेश्वर आणि तोलार खिंडीवरून गडावर जाण्याची एक वाट आहे. अकोले तालुक्यातल्या पाचनईवरून दुसरी आहे, ती सगळ्यांत सोपी. धडधाकट माणूस दोन-तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळात पोहोचतो. नळीची वाट मात्र कोकणातून येते. मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्याहून निघून कोकणकड्याच्या कुशीतल्या एका अरुंद घळीतून ती वर चढते. एकावर एक पडलेले धोंडे, मध्ये उभ्या कातळाचे टप्पे, आणि हजार मीटरहून अधिक चढ. पावसात त्याच घळीतून पाणी कोसळत असते.

मी म्हटले, "पोरी, पाचनईची वाट काय वाईट आहे? देव तोच, गड तोच."

ती हसली. "तुम्हीच तर कीर्तनात सांगायचात, सोप्या वाटेने भेटला तर त्याची गोडी काय? लहानपणी किती वेळा ऐकलंय मी." आणि मग जरा थांबून म्हणाली, "आजोबा, त्या गोष्टीत तुम्ही तिघं वर गेला होतात ना? खाली उतरताना काय झालं, ते तुम्ही कधीच सांगत नाही."

मी तिला त्या वेळी उत्तर दिले नाही. चहा आला, बोलणे दुसरीकडे गेले. पण रात्री झोप लागली नाही. चाळीस वर्षे जो दृष्टांत मी गावोगावच्या सप्ताहांत सांगितला, त्याला उत्तरार्धच नव्हता, आणि हे माझ्या हजारो श्रोत्यांपैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते. या पोरीच्या आले. तेव्हा, माउलीहो, तो उत्तरार्ध आधी तुमच्यापुढे ठेवतो, आणि मग ज्या प्रश्नाने मला त्या रात्री जागे ठेवले त्याकडे वळतो.

१९७४ सालचा भाद्रपद. माझे वय २५. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढून मी गावी परतलो होतो. आवाज होता, पाठांतर होते, बोलावणी येऊ लागली होती. म्हणजे डोके फिरायला जे जे लागते ते सगळे जवळ होते. मी मनाशी व्रत धरले की हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत, त्या बर्फासारख्या पाण्यात उभे राहून हरिपाठ म्हणायचा. आणि जायचे ते खिरेश्वराच्या कातळावरून, भर पावसाळ्यात.

आमचे पखवाजी माझ्याहून १५ वर्षांनी मोठे. सगळे गाव त्यांना आबा म्हणे. दोन एकर शेती, पण हात असा की धुमेवर थाप पडली की मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या छातीत वाजायची. "महाराज, तुम्ही जाणार तर मी येतो, एकट्याने हरिपाठ कसला?" असे म्हणून ते निघाले. पखवाज पावसात नेता येईना म्हणून टाळ घेतले.

ओतूरपर्यंत एस.टी. तिथे तुकोबारायांच्या गुरुपरंपरेतल्या चैतन्यांच्या समाधीचे दर्शन घेतले. पुढे मिळेल त्या वाहनाने मढ, आणि तिथून पायी. आज जिथे पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी पसरलेले दिसते तिथे तेव्हा भातखाचरे होती. खिरेश्वरात एक महादेव कोळी गृहस्थ वाट दाखवायला तयार झाला. त्याने आभाळाकडे पाहिले आणि म्हणाला, "म्हाराज, चार दिस थांबा. न्हायतर पाचनईकून जा. कातळ लई निसरडा झालाय."

मी काय उत्तर दिले ते नातीने वर सांगितलेच आहे.

तोलार खिंडीत दगडात कोरलेला एक वाघ आहे. मी विनोद केला, की चांगदेव महाराजांनी आपले वाहन इथेच बांधून ठेवलेले दिसते. आबा हसले. वाटाड्या हसला नाही. त्याने वाघापुढे हात जोडले. खिंडीच्या वरचा कातळ तेव्हा नुसता कातळ होता. आज तिथे लोखंडी कठडे बसवले आहेत, तसे काही नव्हते. शेवाळ, वरून झिरपणारे पाणी, आणि उजवीकडे पाहू नये अशी दरी. चढलो. खरे सांगायचे तर वाटाड्याने पाऊल ठेवायची जागा हाताने दाखवली म्हणून चढलो.

केदारेश्वराच्या गुहेत मोठे शिवलिंग आहे, सभोवती पाणी, आणि छत तोलणाऱ्या चार खांबांपैकी एकच शाबूत. त्या पाण्यात उतरून हरिपाठ म्हटला. शेवटचे अभंग मी कसे म्हटले ते पांडुरंगाला ठाऊक. मला ऐकू येत होते ते फक्त माझे दात. आबा काठावर उभे राहून टाळ धरीत होते. व्रत पुरे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. कोकणकड्यावर गेलो. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, आतल्या बाजूला नागाच्या फण्यासारखा वळलेला. सूर्य आमच्या पाठीशी, समोर दरीत ढग भरलेले. आणि त्या ढगावर एकाएकी सात रंगांचे पुरे वर्तुळ उमटले. अर्धे इंद्रधनुष्य नव्हे, पुरे कडे. त्याच्या मध्यभागी माझी सावली, आणि कड्याच्या बरोबर मधोमध माझे डोके. तसबिरीत संतांच्या मस्तकामागे प्रभावळ काढतात तशी.

मी ओरडलो, "आबा, पाहिलेत? माझ्या डोक्याभोवती!"

आबा समोर पाहत होते. त्यांनी हात जोडले. "होय महाराज," इतकेच म्हणाले.

आता पुढचे. खाली उतरायच्या वेळी पुन्हा पाऊस सुरू झाला, धुके दाटले. वाटाड्या म्हणाला, पाचनईकडे उतरू, तिथून कोतूळ, ब्राह्मणवाडा करून ओतूर. एक दिवस जास्त लागेल. मला दुसऱ्या दिवशी एका गावी कीर्तन होते. आणि खरे कारण तेही नव्हते. ज्याच्या मस्तकाभोवती देवाने कडे दाखवले त्याला कातळ काय करणार, हे खरे कारण होते. मी म्हटले, आलो तसेच जायचे.

कातळाच्या मध्यावर आबांचा पाय सरकला. फार खाली गेले नाहीत, दीड-दोन पुरुष. एका झुडपाला अडकले. पण डावा हात अंगाखाली सापडला. वाटाड्या तसाच धावत गावात गेला. सहा जण दोन बांबू आणि घोंगडी घेऊन आले आणि त्या निसरड्यावरून, अंधारात, कंदिलाच्या उजेडावर त्यांना खाली आणले. खाचरातले काम टाकून आले होते. पैसे देऊ लागलो तर घेईनात. एकाने तेवढी तंबाखू मागून घेतली. त्या सहांपैकी एकालाही मी पुढे ओळखू शकलो नसतो. कारण मी कोणाचे नावच विचारले नाही.

मनगट वाकडे जुळले. बांधणाऱ्याचा दोष नव्हता, मोडच तशी होती. आबांना टाळ धरता येई, धुमेवर थाप मात्र मारता येईना. धुमेला कणीक लावायची आणि पखवाज दुसऱ्याच्या पुढे सरकवायचा, एवढेच राहिले.

आणि मी? मी तो दृष्टांत सांगू लागलो. भर पावसात कातळ चढलो, पाण्यात उभा राहिलो, आणि ढगात भगवंताने कडे दाखवले. सभा डोलत असे. हात वगळला. पहिल्यांदा वगळला तेव्हा कारण होते की रसभंग होतो. पुढे कारणाचीही गरज राहिली नाही. आबा मागे टाळकऱ्यांत उभे असत. त्यांनी एकदाही मान वर करून माझ्याकडे पाहिले नाही. किंवा पाहिले असेल, मीच पाहिले नसेल. २००९ साली ते गेले.

प्रश्न हा आहे: वाट अवघड असली म्हणून तिचे पुण्य वाढते का?

आपल्याला वाटते, वाढते. आषाढात पायी चालणाऱ्याकडे आपण एका नजरेने पाहतो आणि एस.टी.ने आलेल्याकडे दुसऱ्या. अनवाणी चालणारा चपला घातलेल्याहून थोर. कष्टाच्या फुटपट्टीने भक्ती मोजायची सवय फार जुनी आहे. शास्त्राने मात्र ती फुटपट्टी कधीच मान्य केली नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. त्यात सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेले तप राजस. स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी मूढ हट्टाने केलेले तप तामस. हे मी आळंदीत पाठ केले होते. परीक्षेत चांगले गुणही मिळाले होते.

माउलींनी तर प्रत्यक्ष डोंगरच उभा केला आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, आत्मसंयमयोगाच्या प्रारंभी, योगाला पर्वताची उपमा आहे. यम-नियम हा पायथा. आसन ही पाऊलवाट. प्राणायाम हा अरुंद, अवघड चढ. आणि प्रत्याहार हा असा तुटलेला कडा, की जिथे बुद्धीचेही पाय निसटतात आणि हटयोगी आपल्या पैजा सोडून देतात. तिथे वैराग्याच्या नखांनी हळूहळू धरून वर जायचे. ज्याने कधी ओला कातळ चढला आहे त्याला कळेल की ही उपमा घरात बसून सुचलेली नाही. आळंदी ते पैठण, पैठण ते नेवासे, ही भावंडे चाललेली होती. पायाखालचा दगड त्यांना माहीत होता.

त्या ओव्यांवर मी अनेकदा बोललो. पण दोन गोष्टी माझ्याकडून सुटल्या. एक, माउली सुरुवातीलाच बजावतात की ज्याला या पर्वताच्या माथ्यावर जायचे आहे त्याने कर्ममार्गाचा जिना चुकवू नये. म्हणजे कडा चढायचा तरी पायरी आधी. आणि दुसरी, त्या कड्यावर जे गळून पडते ते शरीर नव्हे, पैज. हटयोग्यांची होड तिथे सुटते. मी कातळ चढलो, पण होड सोबत घेऊन चढलो, आणि उतरताना तर ती दुप्पट जड झाली होती.

चांगदेवांचेच पाहा. चौदाशे वर्षे योगबळाने देह टिकवला, वाघावर बसून, सापाचा चाबूक करून भावंडांच्या भेटीला आले. समोरून भिंत चालत आली आणि त्यांचे वाहन फिके पडले. ज्यांच्या कोऱ्या पत्राला माउलींनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले, ते शेवटी लहानग्या मुक्ताईचे शिष्य झाले. हे आपण सगळे सांगतो आणि इथेच थांबतो. पण चांगदेवांच्या नावावरचा 'तत्त्वसार' ग्रंथ हरिश्चंद्रगडावर शके १२३४ मध्ये लिहिला गेला, असे अभ्यासक मानतात. माउलींची समाधी शके १२१८ ची. म्हणजे मुक्ताईचा उपदेश झाल्यावर, भावंडे निजधामाला गेल्यावर, चांगदेव पुन्हा त्याच डोंगरावर होते. डोंगर सोडला नाही, वाघ सोडला. मला हे फार उशिरा कळले. डोंगरावर जाणे हा दोष असता तर ते परत गेले नसते.

मग तुकोबारायांचे काय? ते भंडाऱ्यावर जात, भामचंद्रावर जात. एकांतासाठी जात, चढ किती उभा आहे हे मोजायला नव्हे. हे उत्तर मी अनेक वर्षे देत आलो, आणि ते खरे आहे. पण पुरे नाही.

कारण त्या डोंगरावर रोज आणखी एक माणूस चढत असे. आवली. घरात पोरे, दाण्याची वानवा, आणि नवरा डोंगरावर. भाकरी बांधून ती त्याला शोधत चढायची. परंपरेतली कथा तुम्हाला ठाऊक आहे: एके दिवशी तिच्या पायात काटा मोडला, ती कळवळून खाली बसली, आणि ज्या काळ्याला ती उठता-बसता शिव्या घालायची त्यानेच येऊन तिचा पाय हातात घेऊन काटा काढला.

आम्ही कीर्तनकार ही कथा कशी सांगतो? आवलीचा आवाज काढून. शिव्या खणखणीत देऊन. लोक हसतात, मलाही टाळ्या मिळालेल्या आहेत. त्या रात्री झोप येईना तेव्हा मला ती कथा दुसऱ्या बाजूने दिसली. तुकोबा वर नामात दंग होते. पांडुरंग त्यांच्या शेजारी बसलेला असणार, त्यात शंका नाही. पण तो उठून खाली आला, तो जिच्या डोक्यावर भाकरी होती तिच्याकडे. वरच्याच्या एकांताचा कर जी रोज पायांनी भरत होती, तिच्या पायातला काटा देवाने काढला. माझ्या वरच्या वाटेचा कर आबांच्या मनगटाने भरला आणि त्या सहा जणांच्या खांद्यांनी भरला. तो काटा काढायला मी खाली बसलो नाही. मी गोष्ट सांगत पुढे गेलो.

म्हणून आता मला विचाराल, तर अवघड वाटेविषयी पहिला प्रश्न हा, की तिचे ओझे कोण वाहतो. आणि हा प्रश्न फक्त गडावर जाणाऱ्यांना विचारून आपल्याला सुटता येणार नाही. वारीत माझ्या खांद्यावर पताका असते तेव्हा माझे अंथरूण ट्रकमध्ये असते. मुक्कामाला मी पोहोचण्याआधी कोणी तंबू ठोकलेला असतो. पहाटे दोन वाजता उठून बायांनी चुली पेटवलेल्या असतात, आणि त्याही दिवसभर चालणार असतात. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. लाखो माणसे नामघोष करत चढतात, पण रथ चढतो तो त्या मुक्या जनावरांच्या मानेवर. घाट चढून आल्यावर त्या बैलांच्या पाया पडणारे म्हातारे वारकरी मी पाहिले आहेत. आमच्यासारखे व्यासपीठावरचे लोक त्यात कमी दिसले.

तरीही वारीत एक गोष्ट अशी आहे की जी माझ्या त्या दिवसाच्या चढाईत नव्हती. दिंडी मागच्याच्या चालीने चालते. पुढचा पताकावाला कितीही तगडा असला तरी तो एकटा पळत सुटत नाही. वीणेकरी थांबला की दिंडी थांबते. कोणी आधी पोहोचला याची नोंद पंढरीत कुठे होत नाही.

जगातल्या मोठ्या डोंगरांवरही कधी कधी हे पाहायला मिळते. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा पहिले पाऊल कोणाचे, यावर सारे जग हट्ट धरून बसले. ते दोघे मात्र बराच काळ एवढेच सांगत राहिले की आम्ही मिळून पोहोचलो. आणि १९५५ साली कांचनगंगेच्या पहिल्या चढाईत जो ब्राऊन आणि जॉर्ज बँड हे दोघे इंग्रज शिखर हातभर दिसत असताना थांबले. सिक्कीमच्या लोकांना तो डोंगर पवित्र, त्याच्या माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द दिलेला होता. ८५८६ मीटर चढून शेवटची काही पावले राहू दिली. मला वाटते, प्रत्याहाराच्या कड्यावर होड सोडणे म्हणतात ते याच्या फार जवळचे असावे. तेही त्यांनी कोणत्या शास्त्राचे पाठांतर न करता केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला जवळ बसवून मी सगळे सांगितले. हातासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने त्या ढगातल्या कड्याचे विचारले, आणि टेबलावर बोटे ठेवून मला समजावले. सूर्य पाठीशी आणि समोर धुके असले की ते दिसते, इंद्रवज्र म्हणतात, जर्मनीत ब्रोकेन नावाचा डोंगर आहे, तिथेही दिसते. आणि म्हणाली, "आजोबा, शेजारी दहा माणसं उभी असली ना, तरी प्रत्येकाला ते कडं आपल्याच डोक्याभोवती दिसतं. दुसऱ्याच्या डोक्याभोवतीचं दिसूच शकत नाही."

मी तिला ते दोनदा सांगायला लावले.

मग मी तिला विचारले, तुमच्यात पुढे कोण चालतो? तिने त्यांची रीत सांगितली. दोर, शिरस्त्राण, बेलपाड्याचा माहीतगार वाटाड्या, त्याची मजुरी आधी ठरलेली. सगळ्यांत अनुभवी दोघे, एक पुढे, एक सगळ्यांच्या मागे. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवायचा, म्हणजे त्याच्या पावलाने सगळे चालतात. आणि परत फिरायचे असे एकानेही म्हटले तर कारण विचारायचे नाही. "का विचारायचं नाही?" मी म्हटले. "कारण विचारलं की तो लाजेने पुढे येतो," ती म्हणाली.

आळंदीत चार वर्षे काढून मला हे कळले नव्हते. आबा खिरेश्वरातच थांबले असते, कातळावर तर नक्की थांबले असते, जर मी त्यांना लाज वाटेल असे बोललो नसतो. 'सोप्या वाटेने भेटला तर गोडी काय' हे वाक्य मी वाटाड्याला म्हटले, पण ऐकले ते आबांनी.

मी तिला आशीर्वाद दिला. शिखराचा नाही दिला. सगळे बरोबर जा आणि सगळे बरोबर या, एवढेच म्हटले. तिच्या आजीने तिळाचे लाडू बांधून दिले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, आशीर्वाद द्यायला इतका विचार कशाला लागतो म्हणून.

डिसेंबरात ते गेले आणि अर्ध्या घळीतून परत आले. एका मुलीचे पाय कातळाच्या दुसऱ्या टप्प्यावर थरथरू लागले. ती थांबूया म्हणाली, आणि नऊच्या नऊ जण बेलपाड्याला उतरले. नातीने मला फोनवर हे सांगितले ते बाजारातून भाजी आणल्यासारखे. वाईट नाही वाटले का, विचारले, तर म्हणाली, "वाटलं ना. खूप वाटलं. फेब्रुवारीत परत जाऊ."

माझ्या गुडघ्यांमुळे कीर्तनाला उभे राहणे थांबून आता सहा वर्षे झाली. माघ शुद्ध दशमीला, तुकोबारायांच्या अनुग्रहाच्या दिवशी, गावच्या मंडळींनी आग्रह केला म्हणून बसून थोडे प्रवचन केले. तोच दृष्टांत घेतला. यावेळी कातळावर थांबलो नाही. खाली खिरेश्वरापर्यंत आलो, घोंगडीपर्यंत, मनगटापर्यंत, आणि पुढच्या चाळीस वर्षांपर्यंत आलो. मांडवात कोणी डोलले नाही. एक-दोघे उठूनही गेले. आबांचा मुलगा तिसऱ्या रांगेत बसला होता. तोही आता साठीला आला आहे.

आरती झाल्यावर तो जवळ आला. मी हात जोडले तर त्याने ते धरून खाली केले. म्हणाला, "महाराज, तुम्ही उगीच मनाला लावून घेता. बाबा तर नेहमी म्हणायचे, पाय माझाच सरकला, महाराजांचा काय दोष."

मी म्हटले, पाय त्यांचाच सरकला हे खरे, पण त्या वाटेवर त्यांना मीच घातले. तो काही बोलला नाही. मी विचारले, गडाविषयी आबा आणखी काय म्हणायचे?

त्याने आठवून पाहिले. "जास्त काही नाही. शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले होते, त्या दिवशी ढगात ते कडं आपल्या पण डोक्याभोवती दिसलं होतं म्हणून. पण महाराज एवढ्या आनंदात होते, मग मी बोललोच नाही म्हणाले."